एकेरीतलं गाणं

एकोणीसशे एकाहत्तर साली ही गोष्ट घडली. साल मला पक्कं ठाऊक आहे, कारण ते त्या कादंबरीच्या आतल्या पानावर छापलेलं आहे आणि छापण्याआधी मीच ते तपासलं होतं. कादंबरी दातांच्या डॉक्टरांनी लिहिलेली. लेखक म्हणून त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं. शहरातल्या अर्ध्या दाढा मात्र त्यांच्या ओळखीच्या होत्या. पुस्तक दुकानांत जाऊन बरेच महिने झाले होते. एका सकाळी डॉक्टर दवाखान्यातल्या पांढऱ्या कोटातच छापखान्याचा जिना चढून वर आले. धाप ओसरायची वाट न पाहता त्यांनी मालकांच्या टेबलावर पुस्तक उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे गाणं माझं नाही," ते म्हणाले. मालक म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या कादंबरीत पानापानाला गाणं आहे. एखादं विसरला असाल." "दाढ विसरेन, गाणं विसरणार नाही. आज एका पेशंटने विचारलं, हे गाणं कुठे ऐकायला मिळेल. परवा एका बाईंनी विचारलं. तोंडात चिमटा असताना माणूस गाण्याची चौकशी करतो, म्हणजे काय म्हणायचं? मी हे लिहिलेलंच नाही हो!" मालकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि ओळ मोठ्याने वाचली. त्या ओळीत गाण्याचं नाव होतं, 'एकदा थांब म्हण'. मी पलीकडच्या टेबलाशी दुसऱ्याच कुठल्या तरी प्रुफावर वाकले होते. ते शब्द ऐकले आणि मला एकदम मी बसले होते ती खुर्ची जाणवली. तिची पाठ, तिचा आखूड पाय, त्याच्याखाली घडी करून घातलेला पुठ्ठा. इतकी वर्षं मी त्या खुर्चीत बसत होते, पण बसलेय असं कधी वाटलंच नव्हतं.

आमच्याकडे प्रूफ दोघांनी वाचायची पद्धत होती. एकाने हस्तलिखित समोर धरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ते ऐकत छापलेल्या प्रुफावरून पेन्सिल फिरवायची. कानावर पडलं ते कागदावर नसेल तर समासात लिहायचं. वाचणाऱ्याने शब्द तर वाचायचेच, चिन्हंही वाचायची. "ती म्हणाली स्वल्प दुहेरी सुरू आलास प्रश्न दुहेरी बंद तो गप्प राहिला पूर्ण पॅरा." बाहेरचं कोणी हे ऐकलं की हसायचं. आम्हाला मात्र ते श्वासासारखं झालं होतं. मी तपासणारी, आणि मला वाचून दाखवणारा जो होता त्याला सगळा छापखाना 'रेडिओ' म्हणायचा, कारण सकाळी सुरू झाला की संध्याकाळपर्यंत बंद होत नसे. मीही त्याला रेडिओच म्हणायचे, पण अहोजाहो करून. "रेडिओ, जरा हळू घ्या." "घेतो, बाई." सहा-सात वर्षं आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो आणि त्याने मला डझनावारी कादंबऱ्या, सूतगिरण्यांचे अहवाल, पाकशास्त्र, एका सेनापतीचं चरित्र असं काय काय वाचून दाखवलं. त्या काळात दोघं एकमेकांशी आपलं असं किती बोललो? फारच थोडं. घरी वहिनी म्हणायची, "वन्सं, तुमच्या रेडिओवर आज काय लागलं होतं?" मी सांगायचे, आज नायिकेने विहिरीशी चपला काढून ठेवल्या, किंवा आज सुताचे भाव पडले. वहिनी म्हणायची, "आणि रेडिओ स्वतः काय म्हणाला?" दिवसभर ज्याचा आवाज माझ्या कानात होता तो मला काय म्हणाला, हे मला सांगता येत नव्हतं. हे तेव्हा विचित्र वाटलं नाही. आता वाटतं.

डॉक्टरांची कादंबरी आली तेव्हा मोठं चर्वितचर्वण झालं ते गाण्यांच्या नावांवरून. त्यांचा नायक घरोघरी जाऊन ग्रामोफोन दुरुस्त करणारा होता. ज्याच्या घरी जाई त्याची आवडती गाणी तो दुरुस्त केलेल्या ग्रामोफोनवर लावून बघे, आणि ती गाणी मनात मोजत घरी जाई. त्यामुळे गाण्यांना सुमार नव्हता, काही खरीच गाजलेली, काही डॉक्टरांनी रचलेली. डॉक्टरांना सगळी नावं तिरप्या ठशात हवी होती. "तिरपं अक्षर कसं, वाऱ्यावर चाललेलं दिसतं," ते म्हणाले. जुळारीकाका, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणारे आमचे सगळ्यांत जुने कारागीर, आपल्या जागेवरूनच म्हणाले, "वारा आहे, डॉक्टर, पण खिळे नाहीत. तिरप्यातले 'ण' माझ्याकडे मूठभर. 'गाणं' म्हटलं की एक गेला." मग मालकांनी छापखान्याचा नियम सांगितला, तो मला अजून पाठ आहे. पुस्तकाचं नाव तिरप्यात. गाण्याचं नाव एकेरी अवतरणात. पात्राने गाण्याची ओळ म्हटली तर दुहेरीत. लांबलचक कडवं असलं तर वेगळ्या ओळीवर, आत सरकवून, कसलंही चिन्ह नको. आणि कोणी नुसतं गुणगुणत असेल, शब्द कळत नसतील, तर वाक्यातच सोडून द्या, गुणगुणणाऱ्याला कशाला अडवायचं. डॉक्टर कुरकुरले, "गाण्याला अवतरण म्हणजे गाणाऱ्याच्या तोंडावर रुमाल." मालक म्हणाले, "तुम्ही रोज बांधता ना लोकांना? आता आम्ही बांधतो." ठरलं ते एकेरीच. मला मनातून बरं वाटलं होतं. ती दोन बारीक चिन्हं म्हणजे एखादी वस्तू दोन बोटांच्या चिमटीत धरून दाखवावी तशी वाटत. हे बघा, हे माझं नाही, बाहेरून आणलंय, सांभाळून बघा आणि परत द्या.

पण रेडिओने एक वेगळीच गंमत सुरू केली. पहिल्याच दिवशी तिसऱ्या की चौथ्या पानावर गाणं आलं. "एकेरी सुरू, एकेरी बंद" म्हणायचं सोडून त्याने ते नाव सरळ गाऊन टाकलं. 'पायरीवरचं ऊन'. पायरीवरचं हे खाली, ऊन वर. मी दचकून पाहिलं. तो पान धरून गंभीर बसला होता. "हे काय?" मी म्हटलं. "एकेरी," तो म्हणाला. "दर वेळी सुरू-बंद, सुरू-बंद करत बसलो तर कादंबरी संपेस्तोवर घसा संपेल. गायलं की एकेरी समजा." "आणि चाल कुठली म्हणायची ही?" "ज्या दिवशी जी येईल ती." मी म्हटलं, "मालकांनी ऐकलं तर?" तो म्हणाला, "मालकांना वाटेल रेडिओ बिघडला." त्यानंतर त्या कादंबरीची सगळी गाणी त्याने मला गाऊन दाखवली. दोन-दोन, तीन-तीन शब्द, एवढंच. आवाज काही गाणाऱ्याचा नव्हता, जरा जाडच होता, वरच्या सुराला गेला की फाटायचा आणि तो हसू दाबायचा. 'शिंप्या, बटण लाव' हे नाव त्याने इतक्या करुण चालीत म्हटलं की जुळारीकाकांनी हातातला खिळा खाली ठेवला आणि विचारलं, "कोण गेलं?" मी पेन्सिलीने एकेरी चिन्हं करत राहायचे. ती करताना मला गालावर कसलीशी ऊब जाणवायची, चुलीसमोर बसल्यासारखी, आणि पुढचं गाणं कधी येतंय याच्याकडे कान लागायचे. गद्याची पानं लांबली तर मला डॉक्टरांचा राग यायचा. कसली वर्णनं करत बसलेत, म्हणायचे मी मनात, गाण्यावर या.

त्याच सुमाराला त्याला दुसऱ्या शहरातल्या एका वर्तमानपत्राकडून बोलावणं आलं. तिथे मोठा छापखाना, रोजचा अंक, बढतीची आशा. आमच्याकडे काय होतं, जिना आणि शाई. हे त्याने मला दुपारच्या चहाच्या वेळी सांगितलं, कपातल्या चहाकडे बघत. "शनिवारपर्यंत कळवायचंय," तो म्हणाला. मी म्हटलं, "चांगलं आहे की. रोजचा अंक म्हणजे केवढं काम शिकायला मिळेल." तो म्हणाला, "हो, ते आहेच." मी आणखी म्हटलं, "घरचे खूश असतील." तो म्हणाला, "आहेत." मग चहा संपला. त्या दिवसापासून घरी जाताना रस्ताभर मी एकच शब्द तोंडात घोळवत असे. थांबा. 'नका जाऊ' लांब होतं, 'राहाल का' त्याला गळ घातल्यासारखं होतं. थांबा हा शब्द मला बरोबर वाटला होता, बस थांबवतात तसा, त्यात मागणं फार नाही. पण मी कोण त्याची? टेबलाची दुसरी बाजू. कोणत्या नात्याने म्हणायचं, आणि तो नुसता बघत राहिला तर त्याच खुर्चीत दुसऱ्या दिवशी बसायचं कसं? वहिनीने एकदा विचारलं, "वन्सं, ओठ काय हलवताय?" मी म्हटलं, "प्रूफ."

आणि मग ते पान. तो गुरुवार असावा किंवा शुक्रवार. बाहेरच्या गल्लीत कोणी तरी पत्रा कापत होतं, त्याचा आवाज खिडकीतून येत होता आणि रेडिओ जरा जोरात वाचत होता. नायक एका म्हाताऱ्या विधवेच्या घरचा ग्रामोफोन जोडतो आणि निघतो, ती दारात उभी राहते. "तो पायऱ्या उतरला पूर्ण रस्त्यावर येऊन त्याने पेटी दुसऱ्या हातात घेतली पूर्ण मनात गाणं होतं स्वल्प" आणि इथे तो थांबला. पत्रा कापणंही तेवढ्यात थांबलं. मग त्याने गायलं, नेहमीसारखं टवाळीने नाही, अगदी खाली, सरळ, जवळजवळ बोलल्यासारखं. एकदा थांब म्हण. मी प्रुफावर पाहिलं, तिथे स्वल्पविरामानंतर सरळ पुढचं वाक्य होतं. गाणं गळलं होतं. जुळारीकाकांची नजर अलीकडे चुकायला लागली आहे असं मला वाटलं आणि वाईटही वाटलं. मी खूण केली, समासात रेघ ओढली आणि लिहायला घेतलं. लिहिताना थांबून विचारलं, "यातल्या 'थांब'ला आत आणखी अवतरण आहे का?" "नाही," तो म्हणाला, "साधंच आहे." "आणि बाहेरून एकेरीच ना?" तो माझ्या पेन्सिलीकडे बघत होता. "गाणं आहे," तो म्हणाला. "एकेरीच." मी दोन्ही चिन्हं नीट काढली. मला आठवतं, त्या क्षणी मला डॉक्टरांचा हेवा वाटला. दाढा उपटणाऱ्या माणसाला हे कसं सुचलं, मी ज्या शब्दाशी रोज रस्ताभर झटतेय तो याच्या कादंबरीत आयता कसा येऊन बसला, आणि तोही 'तू' म्हणून. गाण्यात सगळेच एकमेकांना तू म्हणतात, गाण्याचं बरं आहे, असं काहीसं वाटलं. मग मी म्हटलं, "झालं. पुढे." तो पुढे वाचू लागला. त्या दिवशी नंतर जी गाणी आली त्यांना तो "एकेरी सुरू, एकेरी बंद" म्हणाला. घसा बसला असेल असं मी धरून चालले. शनिवारी त्याने होकार कळवला आणि महिनाअखेरीस तो गेला. निरोपाला मालकांनी सगळ्यांना चहा दिला, जुळारीकाकांनी त्याला त्याच्या नावाचा एक खिळ्यांचा ठसा बांधून दिला. मी म्हटलं, "तब्येतीला जपा." तो म्हणाला, "तुम्हीही, बाई."

एवढं सगळं त्या सकाळी, डॉक्टरांचं बोट ओळीवर असताना, माझ्या डोक्यातून एका दमात गेलं असं म्हणवत नाही. आधी फक्त खुर्ची जाणवली. मग मालकांनी फडताळातून जुनं बाड काढलं. हस्तलिखितात गाणं नव्हतं. स्वल्पविराम, आणि लगेच पुढचं वाक्य. प्रुफावर होतं, माझ्या अक्षरात. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझीच चूक असणार." डॉक्टर एकदम मऊ पडले. "चूक असो, बाई, पण छान आहे हो. मी काही काढा म्हणायला आलो नाही. लोकांना आवडतंय. मला फक्त कळायला हवं होतं, मी लिहिलं की नाही. म्हाताऱ्याला आपल्यावरच संशय यायला लागतो." ते गेले. जुळारीकाका आपल्या खिळ्यांच्या खणांच्या घोडीशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "मी काही गाळलं नव्हतं, बाई. तेव्हाच सांगणार होतो. पण तुम्ही एवढ्या सुबक अक्षरात लिहिलं होतंत." संध्याकाळी घरी आले आणि वहिनीला सगळं सांगितलं. तिने भाजी चिरायची थांबवली. मग म्हणाली, "आणि तुम्ही त्याला विचारलंत, आत अवतरण आहे का!" आणि तोंडाला पदर लावून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "जाऊन या वन्सं. ह्यांना मी सांगते, मैत्रिणीकडे गेल्यात. काय होईल फार तर? नाही म्हणेल. पण त्याने विचारलंय. विचारलेल्याला उत्तर द्यावं माणसाने."

मी गेले. आगगाडीच्या खिडकीतून काय दिसलं ते आठवत नाही, काचेत माझं तोंड दिसत होतं तेवढं आठवतं, आणि मी मधूनमधून तो शब्द म्हणून बघत होते. वर्तमानपत्राची इमारत मोठी, आत यंत्रांची घरघर जमिनीतून पायांत चढत होती. एका लांब व्हरांड्याला ओळीने खोल्या. कुणाला विचारायची गरज पडली नाही. तिसऱ्या की चौथ्या दारातून तो ऐकू आला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. तो उद्याच्या करमणुकीच्या कार्यक्रमाची बातमी वाचत होता, समोर एक टक्कल पडलेले गृहस्थ पेन्सिल घेऊन. बातमीत गाण्यांची नावं होती. "एकेरी सुरू पायरीवरचं ऊन एकेरी बंद स्वल्प एकेरी सुरू," असं तो वाचत गेला, सपाट, चांगल्या स्पष्ट उच्चारात, एकही नाव न गाता. मी तिथे उभी राहून सगळी नावं ऐकली. घसा त्याचा उत्तम होता. आपल्याला काय मिळालं होतं हे दुसऱ्याला काय मिळतंय ते ऐकल्याशिवाय कळत नाही की काय, कोण जाणे. मग मी दारात गेले. त्याने पान खाली ठेवलं. "जरा थांबा हं," तो टक्कलवाल्यांना म्हणाला, आणि बाहेर आला.

व्हरांड्याच्या टोकाला तीन पायऱ्या होत्या, तिथे आम्ही उभे राहिलो, बसलो नाही. मी म्हटलं, "ते गाणं डॉक्टरांचं नव्हतं." तो म्हणाला, "छापलं?" मी मान हलवली. "खरंच छापलं?" आणि तो हसायला लागला, जुन्या हसण्यासारखं, दाबून. "मला वाटलं दुसऱ्या प्रुफाला काढाल. कळलं की काढाल, आणि मग काही तरी म्हणाल, रागावून का होईना. नंतर वाटलं, कळलं असेलच. एकेरीत घातलंत तेव्हाच उत्तर दिलंत. हे बाहेरचं आहे, असं." "मला कळलंच नव्हतं," मी म्हटलं. "मला वाटलं कादंबरीतलं आहे." तो म्हणाला, "माझं लग्न झालं, बाई. दोन महिने होतील. चांगली आहे. मी घरी काही सांगायला लागलो की म्हणते, चिन्हं सोडून सांगा." आम्ही दोघंही हसलो. आतून टक्कलवाल्यांनी हाक मारली, "अहो, अंक अडलाय!" तो वळला. तेव्हा मी तो शब्द म्हटला. थांबा. त्याचा आता काही उपयोग नव्हता, मला काही हवंही नव्हतं, फक्त त्याने विचारलं होतं आणि ते माझ्याकडे पडून होतं. तो पायरीवर उभा राहिला. माझ्याकडे पाठ होती त्याची. "थांबलो असतो," तो म्हणाला, आणि मग व्हरांड्यातून गेला. थोड्या वेळाने त्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. गाडीची वेळ होईपर्यंत मी तो ऐकत होते.

डॉक्टरांच्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली, गाणं तिच्यात तसंच राहिलं. विचारणाऱ्यांना ते पुढे पुढे सांगू लागले की हे गाणं त्यांच्या लहानपणी फार गाजलं होतं, आणि शेवटी त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला, हसतमुखाने गेले. जुळारीकाकांनी नजर पुरेनाशी झाल्यावर काम सोडलं आणि मुलीकडे राहायला गेले. मालकांनी यंत्रं मोडीत काढली, नव्या पद्धतीचं दुकान टाकलं, ते त्यांच्या पुतण्याने चालवलं. वहिनी अजून आहे, तिला ऐकू कमी येतं, आम्ही दोघी शेजारी बसतो. रेडिओ त्या वर्तमानपत्रात निवृत्तीपर्यंत राहिला. त्याला दोन मुली झाल्या. तो गेल्याचं मला त्याच वर्तमानपत्रात वाचायला मिळालं, आतल्या पानावर, छोट्या टाइपात; त्यात त्याचं खरं नाव होतं, त्यामुळे क्षणभर कळलंच नाही.

माझं लग्न पुढे चार वर्षांनी झालं. हे शाळेत भूगोल शिकवायचे. बोलका माणूस. घरभर हिंडत जे मनात येईल ते मोठ्याने बोलायचे. चहा टाकतेस का, ते ढग बघ कसे आलेत, तुला या साडीत कुणाची दृष्ट लागेल. पहिली काही वर्षं मी ते सगळं लक्ष देऊन ऐकायचे आणि आपलं काम करत राहायचे. कानाला सवयच तशी होती. आवाज आला की तो दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीतला आहे असं मी धरून चालायचे. मग हे माझ्यासमोर येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "अगं, तुला म्हणतोय." कधी चिडले नाहीत. पुढे पुढे तर त्यांनी ते आधीच म्हणायला सुरुवात केली. आधी "तुला म्हणतोय", मग जे काय असेल ते. मुलं त्यावरून त्यांची नक्कल करायची. मी मात्र त्या दोन शब्दांच्या भरवशावर सगळा संसार केला. हे गेल्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. घरात आवाज खूप असतात, मुलाचे, सुनेचे, नातवंडांचे, टीव्हीचे. मी सगळं ऐकते, माझे कान अजून उत्तम आहेत. पण आधी ते दोन शब्द लावणारं कोणी उरलेलं नाही, आणि मला कशाला उत्तर द्यायचं ते समजत नाही.